दाराशी मीच होतो

माझ्या मुलाने त्याच्याच संघातल्या एका लहान मुलाचा छळ केला. सुरुवात त्याने केली नव्हती, पण तो त्यात होता आणि मोबाइल त्याच्या हातात होता. त्याला शिक्षा झाली. ती योग्य होती. माझी चूक मात्र त्याच्या चुकीच्या तीन वर्षं आधीची, आणि ती मी तेव्हा कोणालाच सांगितलेली नव्हती. ती आता सांगतो आहे, कारण अमेरिकेतल्या मराठी घरांतली मुलं हल्ली बर्फावरच्या हॉकीकडे वळू लागली आहेत. त्यांचे आईबाप आमच्यासारखेच आहेत. खेळ नवा, थंडी नवी आणि मुलाला कुणी नाकारू नये ही धास्ती फार मोठी.

आम्ही मिनेसोटात राहतो. इथे हायस्कूल हॉकीला जे स्थान आहे, ते बाहेरच्या माणसाला लवकर कळत नाही. मुलांची राज्य स्पर्धा 1945 पासून भरते. मार्चमध्ये सेंट पॉलला सामने सुरू झाले की लांबच्या छोट्या गावांतली माणसं कामं सोडून तिथे हजर होतात आणि उरलेले टीव्हीसमोर बसतात. मूल नीट धावायला लागलं की त्याच्या पायांत स्केट्स येतात. मग गावच्या असोसिएशनमध्ये माइट, स्क्वर्ट, पीवी, बँटम अशा पायऱ्या चढत ते शाळेच्या निवड चाचणीपर्यंत पोचतं. तिथे आधी जेव्ही, म्हणजे दुसरा संघ, आणि नशीब असेल तर व्हार्सिटी. म्हणजे तीच दहा-पंधरा मुलं लहानपणापासून एकाच खोलीत शेजारी शेजारी बसून बूट बांधत मोठी होतात. आमचा मुलगा त्यात तिसरीत शिरला, उद्यानातल्या उघड्या रिंकवर पडत-धडपडत. बाकीच्यांची तोवर घट्ट मैत्री झालेली होती.

या खेळात बर्फावर जे घडतं ते सगळ्यांना दिसतं. 2011 च्या डिसेंबरात जॅक जॅब्लॉन्स्की या सोळा वर्षांच्या मुलाला जेव्हीच्या सामन्यात मागून धक्का बसला, तो कडेच्या फळीवर आदळला आणि त्याच्या मज्जारज्जूला कायमची इजा झाली. राज्याच्या हायस्कूल लीगने हंगाम संपायची वाट पाहिली नाही. जानेवारीतच नियम कडक झाले. मागून धक्का देणं, फळीवर आदळवणं, डोक्याला मार देणं, यांसाठी थेट पाच मिनिटांची मोठी शिक्षा लागू झाली. आमचा मुलगा पुढे त्याच नियमांखाली खेळला. तो स्वच्छ खेळायचा. सामन्यानंतर दोन्ही संघ रांगेत एकमेकांशी हात मिळवतात, तेव्हा तो प्रत्येकाच्या डोळ्यांत बघून ‘गुड गेम’ म्हणायचा. पंचांशी हुज्जत घालणं त्याला माहीत नव्हतं. इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात लोक त्याचं कौतुक करायचे आणि मी ते ऐकत उभा राहायचो. मुलाची खिलाडूवृत्ती मी त्या रांगेत मोजत होतो.

लॉकर रूममध्ये मात्र प्रेक्षक नसतात. खाली रबराची जमीन, भिंतीला लागून बाकं, मध्ये उघड्या पडलेल्या पिशव्यांचा ढीग, ओल्या हातमोज्यांचा वास आणि स्पीकरवर दणदणणारी गाणी. प्रशिक्षक सामन्याआधी येतो, फळ्यावर रेघा मारतो, बोलतो आणि निघून जातो. उरलेला वेळ मुलांचा. कोण कुठे बसणार, गाणी कोण लावणार, सरावानंतर बर्फावरचे पक कोण गोळा करणार, हे सगळं तिथे वयाने आणि वशिल्याने ठरतं. लहान मुलांनी पक गोळा करावेत, पाण्याच्या बाटल्या भराव्यात, यात मला आजही वावगं वाटत नाही. अडचण त्याच्या पुढे सुरू होते, आणि नेमकी कुठे, हे आतली मुलं ठरवू शकत नाहीत. म्हणून तर यूएसए हॉकी या राष्ट्रीय संघटनेने नियम केला आहे की मुलं खोलीत असताना तपासणी झालेला, प्रशिक्षण घेतलेला एक प्रौढ माणूस आत किंवा अगदी दाराशी असलाच पाहिजे. खोलीत मोबाइलने चित्रण करायलाही बंदी आहे.

बँटमच्या वर्षी, म्हणजे मुलगा आठवीत असताना, ही जबाबदारी मी घेतली. पार्श्वभूमीची तपासणी झाली, ऑनलाइन अभ्यासक्रम पुरा केला, प्रमाणपत्र मिळालं. त्या अभ्यासक्रमात टोपणनावांवर, वंशावरून होणाऱ्या चिडवण्यावर, ‘सगळ्यांनीच सोसलंय’ या युक्तिवादावर स्पष्ट लिहिलेलं होतं. मी ते वाचलं, बरोबर उत्तरं दिली आणि पुढे सरकलो.

एका संध्याकाळी सराव संपल्यावर मी दाराबाहेर उभा होतो. दार किलकिलं होतं. आतून ‘अपू’ अशी हाक ऐकू आली. ‘द सिम्प्सन्स’ या कार्टून मालिकेतल्या भारतीय दुकानदाराचं ते नाव. मग कुणीतरी त्याच्या तोंडचं वाक्य तशाच हेलात म्हटलं, हशा झाला आणि त्या हशात मला माझ्या मुलाचं हसणं ओळखू आलं. पुढे डब्यावरून काहीतरी चाललं. माझा हात दारावर गेला होता. दार ढकललं असतं तर एका क्षणात सगळं थांबलं असतं. मी हात मागे घेतला आणि मोबाइलवर ऑफिसच्या मेल बघू लागलो. मला वाटलं, बापाने आत येऊन दरडावलं तर मुलाची उरलीसुरली जागाही जाईल. हे कारण मी तेव्हा स्वतःला दिलं आणि ते खरंही होतं. पण त्याच्या खाली दुसरं कारण होतं. आत ज्यांची मुलं होती ते बाप दर शनिवारी माझ्याशेजारी उभे राहून कॉफी प्यायचे, आणि मला त्यांच्यातलं स्थान गमवायचं नव्हतं.

गाडीत मी त्याला म्हणालो, “हसून सोड रे. टीममध्ये यायचं तर थोडं सहन करावं लागतं. आम्ही हॉस्टेलमध्ये याच्या दसपट सोसलंय, आणि तेच लोक आज माझे जिवलग आहेत.”

तो म्हणाला, “इट्स फाइन, बाबा.”

हॉस्टेलचं मी म्हटलं ते खोटं नव्हतं. मी महाराष्ट्रात इंजिनिअरिंगला होतो तो काळ रॅगिंगविरोधी कायद्याच्या आधीचा. रात्री-अपरात्री सीनियरच्या खोलीत बोलावणं, शर्टाच्या तिसऱ्या बटणाकडे बघत उभं राहणं, अंगावरचे कपडे, आडनाव, गाव, बोली यांवरून होणारी टिंगल, हे आम्ही प्रवेशाच्या फीसारखं भरलं. पुढच्या वर्षी आम्ही ते वसूल केलं. आमच्या मजल्यावरचा एक मुलगा पहिल्या सहामाहीतच सामान बांधून घरी गेला आणि परत आला नाही. त्याचं नाव आमच्या जमलेल्या मैफलींत कधी निघत नाही. 1999 मध्ये महाराष्ट्राने रॅगिंगला बंदी घालणारा कायदा केला तेव्हा मी नोकरीला लागलो होतो. पेपरात ते वाचून मला बरं वाटलं होतं. पण त्या कायद्याने जो विचार गुन्हा ठरवला, तोच मी पुढे माझ्या मुलाच्या हातात दिला.

नोव्हेंबर 2019 मध्ये अकीम अलियूची गोष्ट सगळीकडे गाजली. नायजेरियात जन्मलेला हा कृष्णवर्णीय खेळाडू. दहा वर्षांपूर्वी ड्रेसिंग रूममध्ये लावलेल्या गाण्यांवरून प्रशिक्षकाने आपल्याला वंशवाचक शिवी दिली, हे त्याने जाहीरपणे सांगितलं. तो प्रशिक्षक, बिल पीटर्स, तेव्हा एनएचएल या व्यावसायिक लीगमध्ये कॅल्गरी फ्लेम्सचा मुख्य प्रशिक्षक होता. काही दिवसांतच त्याला राजीनामा द्यावा लागला. त्यानिमित्ताने अलियूचा 2005 मधला अनुभवही पुन्हा चर्चेत आला. सोळाव्या वर्षी विंडसरच्या ज्युनियर संघात असताना नव्या मुलांना विवस्त्र करून बसच्या संडासात कोंबण्याचा ‘रिवाज’ त्याने नाकारला होता. नंतर सरावात त्याच्याच संघातल्या एका खेळाडूने काठीने त्याच्या तोंडावर मारलं आणि त्याचे दात पडले. मी हे सगळं वाचून संतापलो. आमच्या मराठी मित्रांच्या ग्रुपवर लांबलचक लिहिलं. तेव्हा माझा मुलगा नववीत होता, शाळेच्या जेव्ही संघात, त्याच मुलांबरोबर. त्याला मी एकदाही विचारलं नाही की तुला अजून तीच हाक मारतात का.

मारत होते. हे मला फार नंतर कळलं. त्याची आई सरावाच्या पिशवीत पोळीचा रोल ठेवायची, तो त्याने बंद करायला लावला होता. त्याऐवजी त्याला पाकिटातला ग्रॅनोला बार हवा असायचा. आम्हाला वाटलं, चवीत बदल झाला. मंडळाच्या कार्यक्रमाला कुर्ता घालायचा तो थांबला. आम्हाला वाटलं, वय. मित्रांना घरी आणायचा तेव्हा आधी स्वयंपाकघराची खिडकी उघडायचा. हिला हे टोचायचं आणि ती मला बोलून दाखवायची. मी म्हणायचो, तू उगाच ताणतेस.

अकरावीत तो व्हार्सिटीत आला आणि वर्षानुवर्षं त्याच्यावर हसणारे त्याचे जवळचे मित्र झाले. मी समजलो, माझा सल्ला लागू पडला. त्याच हिवाळ्यात त्यांच्यातल्या काहींनी नववीतल्या एका मुलाला काठीला लावायच्या टेपने बाकाला गुंडाळून ठेवलं. बाकी संघ घरी जायला निघाला तरी त्याला सोडलं नाही. तो रडायला लागल्याचं चित्रण माझ्या मुलाने केलं आणि ते संघाच्या ग्रुपवर टाकलं. रात्री त्या मुलाच्या आईने ते पाहिलं. मिनेसोटात प्रत्येक शाळा मंडळाला अशा छळाविरुद्ध लेखी धोरण ठेवावंच लागतं. शाळेने त्यानुसार चौकशी केली आणि माझ्या मुलासह चौघांना निलंबित केलं. सेक्शनचे, म्हणजे विभागीय, बाद फेरीचे सामने तोंडावर होते.

यानंतर मी जे केलं त्याची मला सर्वांत जास्त लाज वाटते. मी क्रीडा संचालकांना पत्र लिहिलं. त्यात म्हटलं की माझा मुलगा स्वतः वर्णद्वेषाचा बळी आहे, त्याला ‘अपू’ म्हणून हिणवलं तेव्हा कुणी चौकशी केली नाही आणि आज गौरेतर म्हणून त्याला इतरांच्या बरोबरीने चिरडलं जातंय. त्यातलं पहिलं वाक्य खरं होतं. तीन वर्षं मी ज्या सत्याकडे पाठ फिरवली होती, ते मला एका सामन्यासाठी वापरायचं होतं. बाकाला बांधलेल्या मुलाचा त्या पत्रात एका ओळीचाही उल्लेख नव्हता. ही म्हणाली, “हे पाठवू नकोस. त्या आईच्या जागी मी असते तर?” मी पाठवलं.

बैठक बोलावली गेली. संचालक शांतपणे बोलणाऱ्या बाई होत्या. माझी तक्रार त्यांनी गंभीरपणे घेतली आणि थेट मुलाला विचारलं, हे चालू असताना तुला कुणा मोठ्या माणसाला सांगावंसं वाटलं नाही का?

मुलगा माझ्याकडे न बघता म्हणाला, “सांगायची गरज नव्हती. बाबाच दाराशी होते. त्यांनी ऐकलं होतं.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी होय म्हणालो. त्यांनी विचारलं, मग तुम्ही काय केलंत? उत्तर मुलानेच दिलं, “म्हणाले, हसून सोड. टीममध्ये यायचं तर सहन करावं लागतं.” आणि मग त्याच सुरात, “त्या मुलालाही मी तेच सांगितलं.”

त्याच्या आवाजात राग नव्हता. तो मला दोष देत नव्हता, घडलं ते सांगत होता. घरात शिकलेली गोष्ट त्याने खोलीत वापरली होती.

पत्र मी मागे घेतलं. असोसिएशनला त्या संध्याकाळबद्दल लिहून कळवलं, आणि त्यांनी माझं नाव देखरेखीच्या यादीतून काढलं. मुलगा उरलेला हंगाम प्रेक्षकांत बसला. त्याने त्या मुलाला पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही. आम्ही दोघं त्याच्या घरीही गेलो. वडिलांनी आमचं म्हणणं पायरीवरच ऐकून घेतलं, आत बोलावलं नाही. बोलवायला हवं होतं असं मला वाटत नाही. पुढच्या हिवाळ्यात तो मुलगा निवड चाचणीला आला नाही. सहा वर्षांचा असल्यापासून हॉकी खेळणाऱ्या पोराने खेळ सोडला.

‘चूक झाली, मुलं शिकली’ असं म्हणून हे प्रकरण मिटवणारे बरेच जण मला भेटले. ते त्या मुलाचं नाव घेत नाहीत, जसे आम्ही हॉस्टेलमधल्या त्या मुलाचं घेत नाही.

तुमच्यापैकी कुणी लॉकर रूमच्या दाराशी उभं राहायची जबाबदारी घेतली असेल, तर मोबाइल खिशात ठेवा आणि शक्य असेल तेव्हा आत उभे राहा. कानावर आलं तर दार ढकला, मग आत कुणाचंही मूल असो, स्वतःचं असलं तरी. त्याच रात्री प्रशिक्षकांना सांगा, सकाळची वाट बघू नका, कारण सकाळपर्यंत आपण स्वतःची समजूत घातलेली असते. आणि मूल गाडीत बसलं की किती गोल झाले हे विचारण्याआधी, संघात तुला काय हाक मारतात ते विचारा. मग तू दुसऱ्यांना काय हाक मारतोस, तेही विचारा.