लिंबूटिंबू

लिंबूटिंबूवर राज्य येत नाही. तो आऊट होत नाही. त्याला पकडलं तरी पकडलं असं कुणी धरत नाही, आणि लगोरी त्यानं रचली तर ती दुसऱ्या कुणीतरी पुन्हा रचेपर्यंत डाव पुरा होत नाही. धाकट्या पोराला हाकलायचं नाही पण खेळही बिघडू द्यायचा नाही, यावर आपल्या अंगणांनी काढलेला हा तोडगा. मोठ्या माणसांना तो फार गोड वाटतो. वळसंगच्या आमच्या बोळात हे पद मी बरीच वर्षं सांभाळलं आहे, त्यामुळे मला तो तितका गोड वाटत नाही.

वळसंग सोलापूरहून अक्कलकोटला जाताना लागतं. स्वामींच्या दर्शनाला निघालेल्या पुष्कळांनी ते एसटीच्या खिडकीतून पाहिलेलं असतं. मध्ये उतरत कुणी नाही. दक्षिण सोलापूर तालुक्यातलं गाव. कर्नाटक जवळ, त्यामुळे घराघरांत कन्नड आणि बाजारात दोन्ही. आमचे अण्णा बार्शीकडचे, शिक्षक म्हणून बदली होऊन आले आणि इथेच राहिले. घरात नुसती मराठी. बोळातली पोरं माझ्याशी मराठीत बोलायची, मराठीत भांडायची, चिडवायचीही मराठीतच; बेत मात्र कन्नडमध्ये आखायची. ‘बा’, ‘होगु’, ‘ब्याड’ एवढं मला कळायचं. काय ठरलं होतं ते डाव सुरू झाल्यावर समजायचं.

भिडू निवडायची रीत तुम्हाला आठवत असेल. दोन म्होरके एका बाजूला उभे. बाकीची पोरं जोडीजोडीनं लांब जाऊन गुपचूप नावं घ्यायची आणि एकमेकांच्या गळ्यात हात टाकून परत यायची. “वाघ पाहिजे का सिंह?” “तलवार पाहिजे का ढाल?” एका म्होरक्यानं वाघ मागितला की दुसऱ्याच्या वाट्याला सिंह. मला विचाराल तर खरा खेळ एवढाच होता, पुढची पळापळ दुय्यम. शेंबडं पोरही तेवढ्या वेळापुरतं सिंह व्हायचं. पण जोड्या जमायला पोरं सम लागतात. विषम झाली की उरायची ती मी. वाघ नाही, सिंह नाही. “तू लिंबूटिंबू.”

घरी चांदोबाचे जुने अंक होते. मग मी माजघरात एकटीच वेताळ व्हायची. वेताळाची एक अडचण आहे. गोष्ट सांगायला त्याला विक्रमाचा खांदा लागतो, आणि शेवटी विक्रमानं तोंड उघडावं लागतं. विक्रम गप्पच बसला तर वेताळ उडणार कसा? आमची आक्का दहावीच्या अभ्यासात होती, ती काही विक्रम व्हायला तयार नसायची.

सप्त्यात सोंगी भारूड असायचं. मिशा भादरलेले, लुगडं नेसलेले बाप्ये पाहून आम्ही हसून लोळायचो. पण मला सोंगाइतकाच मागे उभा राहणारा माणूस आवडायचा. भारुडात काय किंवा जत्रेतल्या पोवाड्यात काय, पुढच्यानं ओळ टाकली की मागून ती उचलणारं कुणीतरी लागतं. शाहिरीत त्याला झीलकरी म्हणतात. राम जोशी सोलापूरचे आणि अमर शेख बार्शीचे, त्यामुळे आमच्या घरात शाहिरीचं कौतुक जरा जास्तच. आमच्या मंडळातला झील धरणारा म्हातारा आवाजानं फुटका होता. पण एका साली तो आजारी पडला आणि पुढचा गडी दोनतीन ओळींत ढेपाळला. गळा तोच, शब्द तेच. “जी जी रं जी” म्हणणारं कुणी नव्हतं, एवढाच फरक.

कॉलेजला सोलापुरात गेल्यावर नेट कॅफेत एक खेळ सापडला. त्यात चित्र नव्हतं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं: तुम्ही एका गुहेत आहात, उत्तरेला दार आहे, समोर एक बौना शेकोटीपाशी बसला आहे. तो बौना म्हणजे कुठल्या तरी देशातला खरा माणूस. आपण लिहायचं, “शेकोटीपाशी बसते.” तो लिहिणार, “बौना सरकून जागा देतो.” बाहेर नव्या पेठेतल्या रिक्षांचे हॉर्न, आणि मी गुहेत.

या खेळांचं कुळ पुढे शोधलं. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ काढला. टेबलाभोवती बसून, फासे टाकून, राक्षस आणि जादूगारांची गोष्ट सगळ्यांनी मिळून सांगायची. 1978 मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ नावाच्या विद्यार्थ्यानं संगणकावर ‘मड’ सुरू केला आणि त्याचा मित्र रिचर्ड बार्टल यानं तो पुढे नेला. अनेक माणसं एकाच वेळी शिरू शकतील असा हा पहिला शब्दांचा मुलूख. बार्टल साध्या घरातला. जन्मावरून माणूस जोखणाऱ्या समाजाचा दोघांना राग होता, आणि जिथे माणूस आपल्या करणीनं वर चढेल असं जग त्यांना हवं होतं, असं त्यानं नंतर सांगितलेलं आहे. मला ते लगेच पटलं. पडद्यावर माझं गाव दिसत नव्हतं, आडनाव दिसत नव्हतं, मी मुलगी आहे हेही दिसत नव्हतं. याच बार्टलनं 1996 मध्ये खेळाडूंच्या चार जाती पत्त्यांच्या चिन्हांवर लावल्या: कमावणारे चौकट, हिंडून शोधणारे इस्पिक, गप्पांत रमणारे बदाम, दुसऱ्याला छळणारे किलवर. ज्याच्याशी कुणी बोलतच नाही, त्याचा पत्ता या जोडात नाही.

पुढे नोकरी, पुणे, लग्न. खेळ सुटला. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा लॅपटॉप घेऊन वळसंगला आले आणि गच्चीवर, जिथे रेंज बरी यायची तिथे, पुन्हा अशाच लेखी खेळाच्या एका मंडळात शिरले. बहुतेक माणसं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची. त्यांचे रात्रीचे साडेआठ म्हणजे आमचे पहाटेचे सहा. खाली आई सडा टाकतेय आणि वर मी एका शापित राज्यात, अशी वेळ.

पात्र कुठलं घ्यायचं? बहुतेकांचे एल्फ नाही तर ड्वार्फ. टॉल्किनचा ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ 1954-55 मध्ये आला आणि तेव्हापासून या मुलखांची वतनं त्याच घराण्यांकडे आहेत. मी धनगरीण घेतली. नाव बाणाई. तिच्या खांद्यावर एक काळी घोंगडी, आणि त्या घोंगडीवर बसलेल्या माणसाला खोटं बोलता येत नाही. हे मी काही आकाशातून आणलं नव्हतं. आमच्याकडे घोंगडीचा मान काय असतो ते ज्याला माहीत आहे, त्याला यात जादू कमी आणि वस्तुस्थिती जास्त दिसेल.

पहिले काही दिवस स्वागत झालं. मग दरबाराचा प्रसंग आला. प्रधान फितूर आहे की नाही हे ठरवायचं होतं, सगळी पात्रं जमलेली. इतकी नेमकी संधी पुन्हा येणार नव्हती. मी लिहिलं: बाणाई पुढे येते, घोंगडी झटकते, प्रधानासमोर अंथरते आणि म्हणते, बसा. वाट पाहिली. ओळी भराभर पडत होत्या. एल्फ राजपुत्राचं भाषण. चोराचा विनोद, त्यावर तिघांचं हसू, पूर्वीच्या कुठल्याशा मोहिमेचा संदर्भ. पाचसात ओळींनंतर तोच राजपुत्र दरबाराच्या मधोमध येऊन उभा राहिला, म्हणजे माझ्या हिशेबानं घोंगडीवरच, आणि त्यानं धडधडीत एक थाप मारली. ती सगळ्यांनी मानली. अशा खेळात मारामारी झाली तर जखम, हाकललं तर हाकलल्याची नोंद. पण दुसऱ्यानं उचललीच नाही ती ओळ घडलेलीच नसते. माझी घोंगडी त्या दरबारात कधी अंथरली गेलीच नाही.

टेबलावरच्या खेळात हे सहसा होत नाही. तिथे लढाईआधी फासे टाकून पाळी ठरते आणि खेळ चालवणारा एकेकाकडे बघून विचारतो, तू काय करतोस? लेखी खेळात पाळी नाही. ज्याचा टंकनाचा वेग जास्त, ज्याची इंग्रजी ओघवती, ज्याची माणसं जुनी, त्याचा दरबार.

नोव्हेंबर आला. तिकडे पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. मंडळात कुणाला हे सांगायची गरज नव्हती, कारण सगळ्यांच्या भिंतीवरचं घड्याळ तेच. मी सहाला गच्चीवर, आणि राज्यात चिटपाखरू नाही. त्याच सुमारास एकाच्या बोलण्यातून कळलं की आत आणखी एक खोली आहे. जुन्या सातआठ जणांची. मोहिमेचे बेत तिथे ठरतात. मला कन्नड बेतांची सवय होती म्हणून आश्चर्य वाटलं नाही, पण आतलं सगळं त्या एका वाक्यानं ओळखीचं झालं. शेवटची लढाई त्या खोलीतच उरकली आणि सकाळी बाहेर तिचा वृत्तांत टाकला गेला. कोण कसं लढलं, कोण पडलं. मेलेल्या घोड्यांचीही नावं होती. बाणाई नव्हती.

मी जायची थांबले. कुणी विचारलं नाही.

“खेळच तर आहे,” असं माझा नवरा म्हणाला, आणि तो दुष्ट माणूस नाही. किपलिंग विल्यम्स हे मानसशास्त्रज्ञ एकदा बागेत कुत्र्याबरोबर बसले होते. दोन अनोळखी माणसं तबकडी फेकून खेळत होती. तबकडी यांच्याकडे आली, यांनी परत फेकली, आणि थोडा वेळ ते तिघं खेळले. मग त्या दोघांनी यांच्याकडे फेकणं बंद केलं. एवढंच. ना ओळख ना पाळख, तरी त्यांना ते इतकं लागलं की त्यातून ‘सायबरबॉल’ हा प्रयोग निघाला. पडद्यावर तीन आकृत्या, त्यातली एक तुम्ही, आणि काही फेकींनंतर चेंडू तुमच्याकडे येत नाही. 2003 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात नाओमी आयझेनबर्गर, मॅथ्यू लीबरमन आणि विल्यम्स यांचा निबंध आला: असं वगळलेल्यांच्या मेंदूत जो भाग जागा झाला, तो शारीरिक वेदनेच्या त्रासाशीही जोडलेला आहे. त्याहून मला दुसरा निष्कर्ष जास्त बोलका वाटतो. समोर माणसं नाहीत, संगणकच चेंडू फेकतोय, हे आधी सांगून ठेवलं तरी माणसांना वगळलं गेल्याचं वाईट वाटायचं ते वाटलंच. तेव्हा खेळच तर आहे, हे खरं असलं तरी त्यानं काही भागत नाही.

दुसरा सल्ला असा की वेगळा डाव मांड. इथे वळसंगच्या माणसाच्या डोळ्यांसमोर आमची विहीर येते. गावातल्या अस्पृश्य मानलेल्या समाजानं स्वतःच्या श्रमानं ती खोदली आणि 1937 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिच्यासाठी इथे आले. तिची आणि माझ्या गच्चीवरच्या रुसव्याची तुलना करणं निर्लज्जपणाचं होईल. पाणी हक्काचं असतं, खेळ हक्काचा नसतो. ते मंडळ माझं काही देणं लागत नव्हतं, हे मी मान्य करते. पण ज्यांना आपली खोली हवी त्यांनी दारावर “सर्वांचं स्वागत” लिहू नये, इतकी अपेक्षा गैर नाही.

बऱ्याच महिन्यांनी त्यातल्या एकाचा निरोप आला. घोंगडीवाली त्याला आवडली होती म्हणे. पण घोंगडी म्हणजे नेमकं काय, आपण भलतंच काही बोलून तिच्या संस्कृतीचा अपमान तर करणार नाही ना, या धास्तीनं तो गप्प राहिला. मला हसू आलं आणि रागही. तिकडच्या भल्या माणसांना हा नवाच रोग जडला आहे. अरे, “ही घोंगडी कसली गं?” एवढं विचारलं असतंस तर प्रधान पकडला गेला असता.

आता रविवारी संध्याकाळी आमचा मराठी डाव असतो, फोनवर, लिहून. काही भाचरं, पुण्यातल्या दोघीतिघी, सोलापूरचा एक औषधविक्रेता. मुलूख वळसंगसारखाच, फक्त माळावर एक बोलका गढीवाडा आहे. नियम दोनच. पुढची ओळ टाकणाऱ्यानं मागच्या ओळीतलं काहीतरी उचलायचं, मग आपलं सांगायचं. आणि आपसांत काय वाट्टेल ते ठरवा, पण ते सगळ्यांसमोर खेळल्याशिवाय घडलं असं धरणार नाही. यामुळे खेळ बैलगाडीच्या वेगानं चालतो. दोघं कंटाळून गेले, आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. भराभर लिहिण्यातली मजा खरीच वेगळी आहे.

बोळातला एक सातवीतला मुलगा कन्नड देवनागरीत लिहितो. तो आमचा वेताळ आहे. त्याची ओळ आली की शब्द शोधण्यात आमची पाच मिनिटं जातात आणि गढीवाडा ताटकळतो. डावात अजून जागा आहेत. यायचं असेल तर टॉल्किन वाचलेला असण्याची अट नाही. कन्नड येत असेल तर आधी या.