जोगेश्वरीत दोन तास

अंधेरीतलं काम लवकर आटोपलं, म्हणून गुंदवलीला मेट्रो धरली आणि जोगेश्वरी पूर्वेला उतरलो. 2023 मध्ये हा टप्पा सुरू झाला, तेव्हा मी मुंबई सोडून पुण्याला गेलेलो होतो. आमच्या वेळी लोकलमध्ये जोगेश्वरीनंतर थेट गोरेगाव यायचं. आता मध्ये राममंदिर आहे.

पाय आपोआप लेण्यांकडे वळले. सहाव्या शतकातलं हे शैव लेणं, जवळपास घारापुरीच्या काळातलं. घारापुरीला लोक बोटीने, तिकीट काढून जातात. इथे मात्र घरांच्या गर्दीतून पायऱ्या उतरायच्या, की एकदम गार अंधार. खांबांवरची नक्षी इतकी झिजलीय की हात लावला तर बोटाला भुरभुरीत कण लागतात. छतातून पाणी ठिबकतं, कोपऱ्यात हिरवट शेवाळ. आत जोगेश्वरीची पूजा चालू असते, बायका ओटी घेऊन येतात. परीक्षेच्या दिवसांत आम्ही पुस्तकं घेऊन इथे यायचो. अभ्यास नावाला, गारवा खरा.

मेघवाडीत आमच्या चाळीच्या जागी टॉवर आहे. खालीच शेजारच्या काकू भेटल्या.

"वाळलास रे! चहा घेतल्याशिवाय जायचं नाही."

वर गेलो. चाळीतला शेजार गेला, वगैरे मी सुरू केलं. काकूंनी मध्येच तोडलं, "पहाटे डबा घेऊन रांगेत तू उभा राहायचास का बायका? घरात संडास आला, मला पुष्कळ झालं."

मी गप्प चहा प्यायलो. चहात आलं भरपूर होतं.