टेकडीच्या पायथ्याशी चार दिवस

शाळेच्या वर्षअखेरच्या सुट्टीला आमच्या घरात अजूनही ‘नाताळची सुट्टी’च म्हणतात. नाव सुट्टीचे, पण अर्धवार्षिक परीक्षेच्या उत्तरपत्रिका, स्नेहसंमेलनाचे हिशेब, मतदारयाद्यांचे काम आणि मांडवगड पाहावयास निघालेले पाहुणे यांची धाड नेमकी याच दिवसांत पडते. मांडवगडची वाट धारवरून जाते, हे आम्हां धारकरांचे भाग्य आणि शिक्षाही! तीस वर्षांच्या नोकरीत या सुट्टीत दुपारी पाठ टेकल्याचे आम्हांस स्मरत नाही.

गेल्या डिसेंबरात मात्र आवाजानेच असहकार पुकारला. प्रार्थनेनंतर सूचना देता देता शब्द फुटेनासा झाला. डॉक्टरांनी स्वरयंत्राला सूज असल्याचे सांगून आठ दिवस मौन फर्मावले, कुजबुजणेही वर्ज्य. ‘सूज न उतरल्यास इंदूरला पुढील तपासणी करू,’ हे त्यांचे शेवटचे वाक्य आम्ही घरी कोणास सांगितले नाही. सांगणार तरी कसे? सौभाग्यवतींनी ते चिठ्ठीवरून ताडले, पाहुण्यांना परस्पर नकार कळविले आणि आमची रवानगी देवासला धाकट्या बहिणीकडे केली.

गडकालिकेला आणि खालच्या देवीसागराला हात जोडून आम्ही बस पकडली. इंदूरवरून देवास सुमारे शंभर किलोमीटर. दोन्ही बाजूंस गहू-हरभऱ्याची हिरवी शेते, अंगावर पातळ ऊन. मांडीवर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होताच. दारात पाऊल ठेवताच बहिणीने तो ओढून घेतला. “दादा, हा कपाटात राहील. किल्ली माझ्याकडे.” आम्हांस वादही घालता येईना.

धार आणि देवास ही दोन्ही पवारांचीच घराणी. त्यांतही देवासच्या थोरल्या व धाकट्या अशा दोन पाती. एकाच लहानशा गावात दोन राजे, दोन राजवाडे. टेकडीवर देवीही दोन, तुळजाभवानी आणि चामुंडा. थोरल्या पातीच्या महाराजांकडे 1921 मध्ये खाजगी चिटणीस म्हणून राहिलेले इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टर यांनी 1953 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींच्या पुस्तकाला या टेकडीचेच नाव दिले.

पण त्या चार दिवसांत आमच्या मनात घोळत होते ते कुमार गंधर्व. 1948च्या जानेवारीत ते देवासला आले तेव्हा वय अवघे तेवीस. बालपणापासून मैफली गाजविलेल्या या गायकास क्षयाने गाठले होते. येथील कोरडी हवा मानवेल, असा वैद्यकीय सल्ला होता. गाणे मात्र बंद. वर्षामागून वर्षे त्यांनी अंथरुणावर काढली. पत्नी भानुमतीबाई शाळेत शिकवून घर सांभाळीत. कुमारांच्या कानांवर पडत ती आसपासच्या माळवी स्त्रियांची गाणी. जन्माची, लग्नाची, पावसाची. ती ते मनात साठवीत गेले. स्ट्रेप्टोमायसिनने गुण आला, 1953च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत बसले आणि त्याच लोकधुनांतून पुढे नव्या रागांची निर्मिती झाली. त्यांची गोष्ट आम्ही वर्गात अनेकदा सांगितली आहे. परंतु न गाता काढलेली ती वर्षे आम्ही एका वाक्यात उरकीत असू. आता आठ दिवस मोजताना त्या वाक्याची लाज वाटली. त्यांची तपश्चर्या कोठे, आमचा घसा कोठे! तरीही.

पहिला दिवस पाटी-पेन्सिलीवर सूचना लिहिण्यात गेला. दुसऱ्या दिवशी बहिणीने पाटीही उचलली. तिसऱ्या दिवशी टेकडीची परिक्रमा सावकाश केली, दुपारी गरम गराडूंवर जिरावन भुरभुरून खाल्ले (तिखट बेताचेच, डॉक्टर रागावू नयेत!) आणि ओसरीवर उन्हात चक्क दोन तास झोपलो. जाग आली तेव्हा शेजारच्या अंगणात कोणी म्हातारी धान्य निवडीत एकटीच गुणगुणत होती. शब्द कळले नाहीत. उठून जवळ जावे, विचारावे, टिपून घ्यावे, ही मास्तरकीची ऊर्मी उसळली. पण विचारणार कसे? पडून ऐकत राहिलो.

जानेवारीत शाळा उघडली त्या दिवशी आवाज अर्धाच परतला होता. तपासणीस इंदूरला जावे लागले नाही, हे नंतरचे. प्रार्थनेची सूत्रे आठवीच्या विद्यार्थिनीकडे दिली आणि आम्ही ओळींच्या मागे जाऊन उभे राहिलो. दुसऱ्या कडव्यापाशी पाचवीची मुले दरवेळी चाल चुकतात, असे आमच्या प्रथमच ध्यानात आले. चुकीची चालही ऐकावयास बरी वाटत होती.