बँडसाठी कर भरणारं गाव

ऐंशीच्या दशकात आयोवात वाढलेल्या आम्हा मराठी पोरांच्या घरात दोन वाद्यं हमखास असायची. एक आईची पेटी, विमानातून जपून आणलेली. दुसरं शाळेच्या बँडसाठी महिन्याच्या भाड्यानं घेतलेलं. ताई क्लॅरिनेटची रीड तोंडात भिजवत बसची वाट बघायची. दादाचा ट्रॉम्बोन मात्र साऱ्या घरालाच पुरून उरायचा. दर दोन-चार ओळींनी तो नळीच्या टोकाची झडप दाबायचा आणि आतलं पाणी टपटप गालिच्यावर. आई न बोलता त्याच्या पायांशी ‘डि मॉइन रजिस्टर’ वर्तमानपत्र पसरून ठेवायची.

उन्हाळ्यात गुरुवारी संध्याकाळी एम्सच्या बागेत गावचा बँड वाजायचा. घडीच्या खुर्च्या, चिवड्याचा डबा, डास. तिकीट नाही. “यांना पैसे कोण देतं?” बाबांनी एकदा शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारलं. तो म्हणाला, “तुम्हीच.” खरंच होतं ते. आयोवात 1921 साली कायदाच झाला: गावाला मतदान करून बँडसाठी कर लावता येईल. रस्ते, पाणी आणि बँड! लग्नाच्या वरातीपलीकडे बँड न पाहिलेल्या बाबांना ते फार आवडलं. पुढे कराचं बिल आलं की ते म्हणायचे, यात आपला एक तुताऱ्या आहे.

सर्कशीत वाजवून मुरलेला कार्ल किंग 1920 मध्ये फोर्ट डॉजला आला आणि 1971 मध्ये मरेपर्यंत तिथला बँड सांभाळत राहिला. त्यानं या कायद्याच्या नावानं एक मार्चच रचला. करआकारणीवर चाल बांधणारा दुसरा संगीतकार निदान मला तरी माहीत नाही.

मेसन सिटीच्या मेरेडिथ विल्सनचं ‘द म्युझिक मॅन’ हे बँडवरचंच संगीत नाटक शाळाशाळांतून व्हायचं. आयोवाच्या माणसांच्या हेकटपणाची त्यात यथेच्छ टिंगल आहे, आणि तीच माणसं ते डोक्यावर घेतात.

आईचा ओढा मात्र स्पिलविलकडे. या चेक वस्तीत संगीतकार ड्वोर्जाक 1893 चा उन्हाळा राहिला, चर्चमध्ये ऑर्गन वाजवला आणि ‘अमेरिकन’ क्वार्टेट लिहिलं. सुट्टीवर येऊनही माणूस सकाळी देवळात वाजवायला जातो, याचं तिला भारी कौतुक. एकदा तिथून परतताना गाडीत बाबांनी त्याच क्वार्टेटची कॅसेट लावली. दादा पार वॉटर्लूपर्यंत कुरकुरत होता: चारही तंतुवाद्यं, एक ट्रॉम्बोन घातला असता तर काय बिघडलं असतं?