पुणे ते धारवाड, मिरजमार्गे

सहलीवर निबंध लिहायला सांगितला की मुलं पोहोचल्यानंतरचं लिहितात. काय पाहिलं, काय खाल्लं, फोटो कुठे काढले. "अरे, प्रवासाचं पण लिहा," असं मी वर्गात दरवर्षी सांगते, आणि दरवर्षी सगळा प्रवास "आम्ही पहाटे लवकर उठून गाडीत बसलो" या एका वाक्यात आटोपतो. म्हटलं, एकदा आपणच लिहून बघावं.

गोष्ट २०२२ च्या दिवाळीची. त्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सूर्यग्रहण होतं, आणि पाडवा व भाऊबीज एकाच दिवशी, २६ ऑक्टोबरला आली होती. मी आणि माझ्या लेकीने सुट्टीचा बेत गाण्याभोवती आखला. पुण्यात दादाकडे उतरायचं, पाडव्याची दिवाळी पहाट ऐकायची, दुपारी ओवाळणं, दुसऱ्या दिवशी गाडीने धारवाड. तिथे माझी डी.एड.ची मैत्रीण असते. तिच्या शेजारच्या गायनशिक्षकांच्या घरी २८ तारखेला संध्याकाळी बैठक होती. दोन शहरं, दोन मैफली. मधल्या २७ तारखेपुढे मी वहीत नुसतं 'प्रवास' असं लिहून ठेवलं होतं.

लेक तेव्हा नववीत होती. सहा वर्षांपासून गाणं शिकत होती, त्यातली जवळजवळ दोन वर्षं लॉकडाऊनमुळे मोबाइलवर. बाई पलीकडून ताल धरायच्या आणि तो इकडे पोहोचेपर्यंत हिची सम निघून गेलेली असायची. तरी तिने सोडलं नव्हतं. परीक्षा मात्र सोडायची होती. ऑगस्टमध्ये तिने स्पष्ट सांगितलं, "आई, यंदा मध्यमाला मी बसणार नाही." मी म्हटलं, "बघू." आपल्या घरांत 'बघू'चा अर्थ काय असतो ते तुम्हाला माहीतच आहे. चार दिवसांनी मी वर्गात जाऊन फॉर्म भरला, फी भरली आणि घरी काहीच बोलले नाही. शास्त्रीय कलांच्या परीक्षा दिलेल्या मुलांना दहावीला वाढीव गुण मिळतात, ते माझ्या डोक्यात पक्के बसले होते. पालकसभेत मी गुणांच्या मागे लागू नका म्हणून पालकांना सांगते, हेही इथे लिहून टाकते. लपवून उपयोग नाही, माझ्या शाळेतल्या काही बाई हे वाचणारच आहेत.

वहिनीने डब्यात मेथीचे पराठे आणि चकल्या दिल्या. सकाळची गाडी, खिडकीची जागा. जेजुरी गेली, नीरा गेली, लोणंद गेलं. पाऊस नुकताच सरला होता, त्यामुळे एरवी उघडे दिसणारे डोंगर हिरवे होते. आदल्या पहाटेच्या मैफलीत गायिकेने सुरुवातीला तासभर एकच राग गायला होता, ललत. आमच्या मागे बसलेले एक काका "नाट्यगीत कधी?" असं सारखं पुटपुटत होते. लेक मात्र हलली नव्हती. गाडीत ती मधूनच तोच तुकडा गुणगुणत होती आणि मी मनातल्या मनात तिचे सूर तपासत होते. सवय!

आदर्कीच्या घाटात गाडी क्रॉसिंगला थांबली. दहा मिनिटं, वीस मिनिटं, अर्धा तास. लोक खाली उतरून हातपाय मोकळे करायला लागले. लेकीने डोंगराचा फोटो काढायला माझा मोबाइल घेतला, आणि नेमका तेव्हाच मेसेज आला. मध्यमा प्रथमचं प्रवेशपत्र आलं आहे, वर्गातून घेऊन जावं.

तिने तो वाचला, मोबाइल माझ्या हातात दिला आणि खिडकीबाहेर बघत बसली.

मी लगेच बोलायला लागले. फॉर्म भरून ठेवला म्हणजे बसलंच पाहिजे असं नाही, आयत्या वेळी मन बदललं तर असावा, वगैरे. शिक्षकाला शांतता सहन होत नाही. वर्गात प्रश्न विचारून तीन सेकंद थांबलं तरी आपणच उत्तर देऊन टाकतो, तसं झालं. ती म्हणाली, "तू सांगितलं असतंस तर मी कदाचित बसले पण असते." थोड्या वेळाने म्हणाली, "परीक्षेत ते विचारतात ना, अमुक रागाची तान म्हण, तेव्हा मी गात नसते आई. मी आठवत असते."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून मी गोष्ट सांगायला घेतली. याच लाइनच्या पुढच्या टोकाकडे, गदगला भीमसेन जोशी जन्मले. लहानपणी भजनाची दिंडी दिसली की हे तिच्यामागे निघून जायचे आणि दमले की कुठेतरी झोपायचे. वडील शाळामास्तर. त्यांनी शेवटी मुलाच्या सदऱ्यावरच 'जोशी मास्तरांचा मुलगा' असं लिहून ठेवलं, म्हणजे सापडेल तो घरी आणून सोडेल. पुढे अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी रेकॉर्डवर ऐकून हा मुलगा वेडा झाला आणि १९३३ साली, अकराव्या वर्षी, गुरू शोधायला घरातून पळाला. आगगाडीतल्या लोकांनी दिलेल्या पैशांवर प्रवास करत पुणे, ग्वाल्हेर आणि पार जालंधरपर्यंत. वडिलांनी तिथून शोधून आणलं. आणि गुरू अखेर मिळाले ते घराजवळच, कुंदगोळला, सवाई गंधर्व.

गोष्ट छान रंगली असं मला वाटलं. समोरच्या बाकावरच्या आजीसुद्धा ऐकत होत्या. लेक म्हणाली, "त्यांच्या बाबांनी सदऱ्यावर नाव लिहिलं. फॉर्म नाही भरला."

आजी हसल्या. मी पण हसले, पण ते मला लागलं. समोरून गाडी धडधडत गेली आणि आम्ही निघालो. सातारा, कराड, किर्लोस्करवाडी, सांगली, सगळं न बोलताच गेलं. पराठे मात्र दोघींनी संपवले.

मिरजेला उतरलो तेव्हा दुपार टळत आली होती. धारवाडची गाडी संध्याकाळी. सामान क्लोक रूममध्ये ठेवून रिक्षा केली आणि सतारमेकर मंडळींच्या गल्लीत गेलो. बेतात हे मी घातलं होतं ते 'शैक्षणिक भेट' म्हणून, खोटं कशाला बोलू! मिरजेत तंतुवाद्यं बनवणारी ही बहुतेक शिकलगार घराणी. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब नावाच्या त्यांच्या पूर्वजाने हत्यारं सोडून सतार घडवायला घेतली आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या तेच काम चालू राहिलं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी निम्मा बाजार बंद असला तरी ही दुकानं उघडी होती.

आम्ही शिरलो त्या दुकानात छताला वाळलेले भोपळे टांगलेले होते. हे भोपळे पंढरपूर, मंगळवेढ्याच्या बाजूने येतात. भाजीचे नव्हेत, कडू जातीचे. आत लाकडाचा भुसा आणि पॉलिशचा वास. एक वयस्कर चाचा एका तानपुऱ्याची जवारी लावत बसले होते. मी विचारलं, बसू का थोडा वेळ? म्हणाले, "बसा की."

जवारी म्हणजे काय हे मी पाठ्यपुस्तकातल्या भाषेत लेकीला समजावून सांगायला लागणार, तेवढ्यात चाचांनी तिला जवळ बोलावलं आणि नुसतं दाखवलं. घोडीवरून तार जाते तिथे घोडीचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अगदी किंचित उतार असतो. तो कानसने घासून घासून असा करायचा की तार छेडली की ती माथ्याला हलकेच चाटत राहील. त्या चाटण्यातून तो झणकार येतो. मग तारेखाली सुती दोरा सरकवायचा. दोरा केसभर पुढेमागे झाला की आवाज मिटतो किंवा उघडतो. चाचा दोन वेळा घासायचे, तार छेडायचे, मान हलवायचे, परत घासायचे. एका तारेला अर्धा तास गेला असेल. मोजायला काही नाही, पट्टी नाही, यंत्र नाही. लेक उकिडवी बसून बघत होती.

चारही तारा जुळल्यावर त्यांनी तानपुरा तिच्या मांडीवर दिला. सहा वर्षं गाणं शिकलेली मुलगी, पण खरा तानपुरा हातात पहिल्यांदाच येत होता. वर्गात इलेक्ट्रॉनिक पेटी, घरी मोबाइलवरचं ॲप. पंचम, मग जोडीच्या दोन तारा, मग खर्ज. बोटं आधी अडखळली, मग चाल आली.

चाचांनी विचारलं, "खर्जातनं गंधार ऐकू येतोय काय?"

चांगल्या जुळलेल्या तानपुऱ्यात खर्जाच्या तारेतून न वाजवलेला गंधार आपोआप ऐकू येतो, त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. हे मला माहीत होतं. लेक कान लावून म्हणाली, "नाही."

मी म्हटलं, "येतो की गं! नीट ऐक, येतोय."

चाचा माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तिला सांगू द्या की, बाई."

मी गप्प बसले. खरंच गप्प. ती वाजवत राहिली. दहा मिनिटं झाली असतील. चाचा दुसऱ्या भोपळ्याकडे वळले होते, एक मुलगा चहा ठेवून गेला. मग तिचा चेहरा बदलला. बोटं थांबली नाहीत, फक्त डोळे मोठे झाले. तिने चाचांकडे बघितलं, माझ्याकडे नाही. त्यांनी तिथूनच मान हलवली.

निघताना त्यांनी पैसे घेतले नाहीत. आम्ही कसले गिऱ्हाईक! मी दोन वेळा आग्रह केला, तर म्हणाले, "तानपुरा घ्यायला या, तवा द्या."

दर्ग्यात जायला फार वेळ उरला नव्हता. मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ विसावलेले आहेत, तिथे पाच मिनिटं उभ्या राहिलो आणि रिक्षाने परत स्टेशनवर आलो. फलाटावर बसल्यावर माझ्या लक्षात आलं की आज तारीख २७ ऑक्टोबर. १९३७ साली याच तारखेला खाँसाहेब गेले. मद्रासहून पाँडिचेरीला कार्यक्रमासाठी निघाले होते, वाटेत गाडीत छातीत दुखायला लागलं, म्हणून सिंगपेरुमाळकोइल नावाच्या लहानशा स्टेशनवर उतरले. फलाटावर तानपुरा जुळवून घेऊन ईश्वराचं नाव गात त्यांनी देह ठेवला, असं सांगतात. तेही दोन गावांच्या मधल्या दिवशीच. लेकीला सांगावं असं वाटलं. पण सकाळची एक गोष्ट अंगाशी आली होती, म्हणून म्हटलं, राहू दे. तिनेच विचारलं, "ते इथे मिरजेला कसे काय राहिले गं?" मग सांगितलं, जेवढं विचारलं तेवढंच.

गाडी आली. कुडचीजवळ कृष्णेचा पूल ओलांडला तेव्हा बाहेर पूर्ण अंधार होता, फक्त चाकांचा आवाज बदलला. घटप्रभेला फलाटावरच्या पाट्या कन्नडमध्ये. ती वरच्या बर्थवर होती, झोपली असेल असं वाटलं.

"आई, तुला तो गंधार खरंच ऐकू आला होता?"

मी थोडा वेळ काहीच बोलले नाही. मग म्हटलं, "नाही. मला कधीच ऐकू आलेला नाही."

"मला वाटलंच."

नंतर बऱ्याच वेळाने म्हणाली, "तू खर्जाकडे बघतेस. बघायचं नाही, नुसतं बसायचं."

परीक्षेचं विचाराल तर ती बसली नाही. फी गेली. दहावीच्या गुणपत्रिकेत ते वाढीव गुण नव्हते, आणि निकालाच्या दिवशी मी मनात एकदा बेरीज करून बघितलीच. गाणं चालू आहे. त्या वर्षभरात तिने बाईंकडे एकच राग मागून घेतला. बाई आधी नाराज होत्या, मग त्याही त्यात रमल्या.

धारवाडला गाडी उशिरा पोहोचली. मैत्रीण फलाटावर स्वेटर घालून उभी होती, हातात पेढ्यांचा पुडा. रिक्षात बसल्या बसल्या तिने विचारलं, "कसा झाला प्रवास?" मी तोंड उघडायच्या आत लेक म्हणाली, "मावशी, उद्या बैठकीला आपण लवकर जाऊ या का? मला तानपुऱ्याच्या अगदी जवळ बसायचंय. आईलाही बसवू."