खुडूक कोंबडीच्या शेजारी

सिद्धगडाला माणसे जातात ती एक तर गड चढायला, नाही तर २ जानेवारीला. १९४३ साली त्या दिवशी पहाटे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हे दोघे याच रानात पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. विजेचे मनोरे पाडून सरकारला जेरीस आणणाऱ्या आझाद दस्त्याचे ते वीर. दर वर्षी त्यांच्या स्मारकापाशी माणसे जमतात. काही वर्षांपूर्वी मीही त्यासाठीच गेलो होतो. पण त्या दोन दिवसांची आठवण निघाली, की माझ्या डोळ्यांपुढे आधी उभी राहते ती एक तांबडी कोंबडी. हुतात्म्यांच्या भूमीवर जाऊन हा गृहस्थ कोंबडीवर लिहितो, म्हणून वाचक हसतील. हसोत बापडे!

पहाटे स्मारकापाशी पोचायचे, तर आदल्या रात्री पायथ्याला मुक्काम हवा. कल्याणहून मुरबाड, मुरबाडहून म्हसे, आणि पुढे मिळेल त्या वाहनाने, असे करीत दिवस मावळता मावळता एका पाड्यावर टेकलो. ओळखीच्या ओळखीने एका आजींच्या घरी सोय झाली होती. कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेली पडवी, अंगणात भाताच्या पेंढ्याची उडवी, आणि समोर आभाळात घुसलेला सिद्धगडाचा काळा सुळका. थंडी मी म्हणत होती.

"जेवायला काय करू, दादा?" आजींनी विचारले.

"अंड्याची पोळी केलीत तरी चालेल," मी शहरी उदारपणाने म्हणालो.

"अंडी हायत, पन ती तिच्याखाली हायत," असे म्हणून आजींनी पडवीच्या कोपऱ्याकडे बोट केले.

तिथे एका टोपलीत पेंढ्यावर कोंबडी बसली होती. बसली होती म्हणजे पसरली होती. पंख फुगवून, मान आखडून, डोळे एका जागी लावून. मी वाकलो मात्र, तिने घशातून असा काही घर्रर्र आवाज काढला, की मी दोन पावले मागे आलो. खुडूक कोंबडी ती हीच. बोलून चालून पाखरू, पण दिवसातून एकदाच उठते. घाईघाईने चार दाणे, घोटभर पाणी, की पुन्हा टोपलीत. छातीखालची पिसे गळून तिथली कातडी उघडी पडलेली असते, म्हणजे अंड्याला अंगाची ऊब थेट लागते. अंडी ती चोचीने फिरवीत राहते. फिरवली नाहीत तर आतला जीव कवचाला चिकटतो. हे तिला कोणी शिकवलेले नसते.

अंडी अकरा होती. त्यांतल्या सहांवर कोळशाची रेघ ओढली होती. ती शेजारणीची. तिची कोंबडी खुडूक बसत नव्हती म्हणून तिने आपली अंडी आजींच्या कोंबडीखाली ठेवायला दिली होती; सहांतून जेवढी पिल्ले निघतील त्यांतली निम्मी तिची, निम्मी आजींची. पाड्यावर कोंबडी म्हणजे बायकांच्या हातातला पैसा. आजारपण आले, मुलाची वही-पेन्सिल आली, की एखादा कोंबडा बाजाराला जातो.

"आज एकोनीस दिस झाले," आजी म्हणाल्या. एकविसाव्या दिवशी पिल्ले. अंडी काही एका दिवशी घातलेली नसतात. पण कोंबडी बसेपर्यंत ती निजलेलीच असतात, आणि ऊब लागली की सगळ्यांचा हिशेब एकाच दिवसापासून सुरू होतो.

पोळीच्या ऐवजी नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी झाली. अंथरूण पडवीतच, टोपलीपासून चार हातांवर.

मध्यरात्री तहान लागली. मी उठलो, बॅटरी पेटवली, आणि तो झोत नेमका कोंबडीच्या डोळ्यांवर पडला. पुढचे सगळे एका क्षणात झाले. ती किंचाळून उठली, मी दचकलो, पाय टोपलीला लागला, टोपली कलंडली. कोंबडी अंधारात नाहीशी झाली, अन् सारवलेल्या जमिनीवर एक अंडे फुटले. बॅटरीच्या उजेडात मी ते पाहिले. आत पिल्लू होते, पुरते घडलेले. कवचावर कोळशाची रेघ होती.

आजी बाहेर आल्या. त्या मला बोलल्या असत्या तर बरे झाले असते! एक अक्षर न बोलता त्यांनी दहा अंडी टोपलीत गोळा केली, आणि आपल्या अंगावरची वाकळ काढून त्यांवर घातली. "उजेड बंद करा," एवढेच म्हणाल्या. कोंबडीला रात्री दिसत नाही, म्हणजे ती लांब गेली नसणार. लाकडाच्या ढिगाआड ती सापडली तेव्हा माझ्या मनाने एक तास झाला होता. खरे म्हणजे पाव तासही झाला नसेल. आजींनी तिला अंधारातच टोपलीत सरकवले आणि वरून डालगे झाकले. आत थोडी खुडबुड झाली, मग शांत.

"शेजारणीचं फुटलं," मी म्हणालो.

"ते माझ्यातलं धरीन," आजी म्हणाल्या.

पहाटे स्मारकाकडे गेलो खरा, पण चित्त थाऱ्यावर नव्हते. परतताना कारवीतून रानकोंबड्याची बांग आली, तुटक, खरखरीत. हा सह्याद्रीतला करडा रानकोंबडा. याची मादी पाचोळ्यात उथळ खळगा करून अंडी घालते. तिला टोपली नाही, डालगे नाही. आपल्या घरच्या कोंबडीचे मूळ कूळ तांबड्या रानकोंबड्याचे. पण तिच्या पायांचा पिवळेपणा तिने या करड्याकडून घेतला, असे स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २००८ साली दाखवून दिले. शहराला अंडी पुरवणाऱ्या लेगहॉर्नच्या अंगातून मात्र खुडूक बसण्याची खोड माणसाने निवडनिवडून काढून टाकली आहे, कारण खुडूक कोंबडी अंडी देत नाही. गावातही नको तेव्हा खुडूक बसली तर तिला पाण्यात बुचकळतात, नाकात पीस ओवतात. गरज माणसाची, शिक्षा तिला.

घरी आलो तो आजींनी एक अंडे माझ्या कानाला लावले. टक्. थोड्या वेळाने पुन्हा टक्, आणि मग अगदी बारीक चिवचिव. "थंडी लागली नाय त्यांना," आजी म्हणाल्या. दुपारच्या गाडीने निघायचा माझा बेत होता. मी राहिलो.

दुसऱ्या दिवशी सूर्य वर येईपर्यंत नऊ पिल्ले निघाली. एक अंडे वांझ ठरले, ते घरचे होते. ओली, लडबडलेली पिल्ले आईखाली शिरत होती आणि वाळून कापसासारखी होऊन बाहेर डोकावत होती. शेजारीण आली. आता कोणाच्याच अंगावर कोळशाची रेघ नव्हती. आजींनी हिशेब सांगितला, "तुझी सहाच्या सहा निघाली. निम्मी तीन तुझी. वाढली की ने." शेजारणीने मान हलवली. मी गप्प राहिलो.

निघताना आजींच्या हातावर थोडे पैसे ठेवले. त्यांनी जेवणाचे तेवढे मोजून घेतले, बाकीचे परत केले. पिल्ले जवळून बघावी म्हणून मी टोपलीशी वाकलो, तर कोंबडीने माझ्या मनगटावर अशी चोच मारली, की मुरबाडपर्यंत ते झोंबत होते.