घर तिचं, परसू त्याचं

पणजीत पोर्तुगीज शिकून मला चार वर्षं झाली होती आणि त्या जोरावर मी जुन्या कागदांची भाषांतरं घेऊ लागलो होतो. एका घरातून १९५०च्या सुमाराचं पत्र आलं, एका भावाबहिणीबद्दल त्यांच्या मामाने लिहिलेलं. त्यात लिहिलं होतं, भाऊ बहिणीशी बोलला. कशाबद्दल, तर 'आ सुआ काझा' आणि 'ऊ सेउ किंताल' यांबद्दल. घर आणि परसू.

वहीत 'सेउ पुल्लिंगी, सुआ स्त्रीलिंगी' असं मीच लिहून ठेवलं होतं. लिंग कुणाचं, हे काही लिहिलं नव्हतं. मी बेधडक उतरवलं : 'तिचं घर आणि त्याचं परसू'. एका ओळीत वाटणी!

आपण 'त्याचं', 'तिचं' म्हणतो तेव्हा शब्दाच्या सुरुवातीला मालक कळतो आणि शेवटाला वस्तू. पोर्तुगीजमध्ये 'सेउ-सुआ' बदलतो तो फक्त वस्तूप्रमाणे. काझा स्त्रीलिंगी, म्हणून सुआ. किंताल पुल्लिंगी, म्हणून सेउ. मालक तो, ती, ते, त्या, समोर बसलेले 'तुम्ही' सुद्धा, कुणीही असू शकतो. नेमकं सांगायचं तर वस्तूनंतर 'देल', म्हणजे 'त्याचं', किंवा 'देला', म्हणजे 'तिचं', असं जोडतात.

पुढच्या पानावर मामाने ते जोडलंही होतं : घर आणि परसू, दोन्ही 'देल'. मी अडखळलो, पण थांबलो नाही. भावाला आणखी एक घर असावं, अशी स्वतःची समजूत घातली. पैसे आगाऊ घेतले होते.

बहिणीच्या नातवंडांनी माझ्या पहिल्या पानाच्या झेरॉक्स काढल्या. घर-परसवावरून दोन्ही बाजूंची तडजोडीची बोलणी होत आली होती, ती मोडली. वकिलांनी एका वयस्कर सरांना मूळ पत्र दाखवलं. पोर्तुगीज अमदानीत शाळा शिकलेले गृहस्थ. त्यांनी दोन्ही पानं वाचली आणि मला विचारलं, "परसवात जायला भावाने बहिणीची परवानगी घ्यायची होती का हो?" मी पैसे परत केले. ज्या घरातून पत्र आलं होतं, तिथून पुन्हा कागद आला नाही. बोलणी पुन्हा सुरू झाली की नाही, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

सरांकडे मग वर्षभर गेलो. 'मी माझे हात धुतले' असं पोर्तुगीजमध्ये म्हणालो की ते विचारायचे, "दुसऱ्या कुणाचे धुणार होतास?" तिथेही नुसते 'हात धुतले' म्हणतात, आपल्यासारखंच. एवढी सारखी गोष्ट सोडून मी नेमकी वेगळी तीच मराठीसारखी समजलो होतो.

त्या धसक्याने मी 'सेउ-सुआ' टाकूनच दिले. सगळीकडे देल, देला. एकदा लिस्बनहून आलेल्या पाहुण्यांना अदबीने विचारलं, तुमची पत्नी कुठे आहे? तोंडून निघालं 'आ मुल्येर देल', त्याची बायको. पाहुण्यांनी मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.